पट कुणी पळवला?

‘पट नाही.’

दोन शब्द. पंचायत समितीत हेच, पेपरात हेच, पारावर हेच. पट नाही म्हणून मास्तर नाही. मास्तर नाही म्हणून निकाल नाही. निकाल नाही म्हणून पालक पोरं घालत नाहीत. पोरं घालत नाहीत म्हणून पट नाही. घाण्याच्या बैलागत हे गोल गोल चाललंय, आणि तेल निघतंय ते आपल्या पोरांचं.

मी विचारतो, पट गेला कुठं? पट म्हणजे काय धुकं आहे, ऊन पडलं की विरून जायला? पट म्हणजे पोरं. पोरं दोन पायांनी चालत गेली. कुणाची गेली, कुणाच्या गाडीत बसून गेली आणि मागं कुणाची राहिली, हे बोलायची वेळ आली की सगळ्यांना एकदम खोकला येतो.

मी कोल्हारचा. नगर-मनमाड रस्ता जिथं प्रवरा ओलांडतो ते गाव. शाळा अर्ध्यात सुटली. आता एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो, तीन पाळ्यांत. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. त्यामुळं विद्वानांसारखं दोन्ही बाजूंनी गोडगोड बोलायची सवय अंगाला लागली नाही.

तर आमच्या भागाची गोष्ट. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेच्या पाटाला पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला. १९५० साली शेजारच्या लोणीला सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत झाला. सहकार म्हणजे सगळ्यांचा, असं भाषणात सांगतात. पण सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला रान लागतं, आणि रान आमच्या बापजाद्यांकडं नव्हतं. आम्ही त्या सहकारात होतो, पण मोळी बांधायला. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या. जुन्या स्कूल बोर्डाच्या शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. १९६४ साली लोणीला प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. पुढं कॉलेजं निघाली, इंजिनियरिंग निघालं, मेडिकल निघालं. आमचीही काही पोरं तिथं शिकली, त्याला नाही म्हणायचं नाही. पण उसाचा पैसा फिरला तसा गावातल्या शिक्षणाचा नकाशाही फिरला. त्याबद्दल मला बोलायचंय.

आधी बागायतदाराचं पोर आणि आपलं पोर एकाच तरटावर बसत होतं. प्रेमानं नाही. दुसरी शाळाच नव्हती म्हणून. आपल्याला कोपऱ्यात बसवायचे, पाणी वरून ओतायचे, हे सगळं आपल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. पण शाळा एक होती, मास्तर एक होता. पाटलाचं पोर नापास झालं तर पाटील शाळेत येऊन मास्तरची बिनपाण्यानं करायचा. त्या धाकानं मास्तर वर्ग घ्यायचा, आणि वर्ग घेतला की तो आपल्याही पोराच्या कानावर पडायचा. एवढाच आपला फायदा. पण तो मोठा फायदा होता.

मग पिवळ्या बसा आल्या. इंग्लिश मिडियम. आधी बागायतदाराची पोरं गेली. मग दुकानदाराची. मग दोन एकरवाल्यानं म्हैस विकली आणि त्याचीही गेली. मग खुद्द जिल्हा परिषदेच्या मास्तरांची पोरं गेली. इथं जरा थांबा. जो स्वैपाकी स्वतःच्या हातचं जेवत नाही, त्याच्या खानावळीत आपण जेवतोय. आणि शेवटी, हेही लिहितो, कुणाला राग आला तर येऊ द्या, आपले नोकरदार गेले. बँकेत लागलेले, एसटीत लागलेले, खुद्द शाळामास्तर झालेले. घरावर पंचशील ध्वज, दिवाणखान्यात बाबासाहेबांचा सुटातला फोटो, आणि सकाळी पोर पिवळ्या बसमध्ये. त्यांना मी शिव्या देत नाही. पोराचं बरं व्हावं असं कुणाला वाटत नाही? पण जाताना त्यांनी वस्तीतल्या शाळेचं दार ओढून घेतलं, आणि आत कोण राहिलं ते मागं वळून पाहिलं नाही.

आत राहिले रोजंदारीवाल्या बायांची पोरं. बौद्ध, मातंग, भिल्ल, वडार, पारधी. वीटभट्टीवरची. आणि दिवाळीनंतर बीड-पाथर्डीकडून कोयते आले की फडाच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या ऊसतोड कामगारांची. त्यांची नावं गावाकडच्या शाळेच्या पटावर असतात आणि पोरं इथल्या फडात. तिथं गैरहजर आणि इथं बेपत्ता. शिक्षण हक्क कायदा सांगतो की दाखला नाही म्हणून पोराला दारातून परत पाठवता येत नाही. कायदा २००९ चा. फडावरच्या बाईला तो कोण वाचून दाखवणार?

मी एका शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. शाळेचं नाव घालत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. भिंतीवर रंगानं लिहिलेला फळा होता, स्कॉलरशिपला लागलेल्या पोरांचा. साल आणि नाव. मी आडनावं वाचत वरून खाली आलो. वरच्या ओळींत गावातली बडी आडनावं, मधूनच एखादं आपलं. थोडं खाली आल्यावर बड्या आडनावांची गर्दी पातळ होत गेली. मग नुसती आपली, तीही तुरळक. मग फळाच संपला. जागा होती, रंग होता, पण नाव नव्हतं. कुठलाही सर्व्हे करायला नको, दोस्तहो. तुमच्या गावच्या शाळेत जा आणि तो फळा वाचा. गेल्या चाळीस वर्षांत गावानं काय केलं ते भिंतीवर लिहून ठेवलंय. पुसायचं राहून गेलंय एवढंच.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोरानं नाव घालायला अर्ज केला. मुंबई सरकारनं काय उत्तर दिलं? न्याय पोराच्या बाजूला आहे हे कबूल, पण एकट्यासाठी त्याला आत घेतलं तर बाकीची पोरं शाळा सोडतील, शाळा निकामी होईल. म्हणून नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुन्हा पुन्हा पुढं आणलं. मला वाटतं त्या वेळचं सरकार खोटं बोललं नव्हतं. आपण आत शिरलो आणि ते खरंच उठून गेले. फक्त त्यांना दुसरी शाळा बांधून मिळेपर्यंत थांबावं लागलं.

१८८२ साली जोतिरावांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सरकार वरच्यांच्या कॉलेजावर उधळतं, तो खालच्या शाळांवर लावा आणि बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं म्हणाले. आणि महार-मांगांना सवर्णांच्या शाळेत बसू देत नाहीत, म्हणून जिथं त्यांची वस्ती मोठी तिथं त्यांना वेगळ्या शाळा द्या, असंही म्हणाले. पुढं १९१९ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि पोरं सरकारी शाळेत सगळ्यांबरोबर बसवली. १९२३ च्या ४ ऑगस्टला मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा ठराव झाला. तळी, विहिरी आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण त्यातून महाड उभं राहिलं. पण त्याच ठरावात सार्वजनिक शाळाही होत्या. ते आपण विसरतो.

आता बघा. ज्या वेगळ्या शाळा शाहू महाराजांनी हुकूम काढून मोडल्या त्या आज परत आल्यात. हुकूम नाही, जीआर नाही, पाटी नाही. दारावर ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’च लिहिलंय. आत डोकावा आणि हजेरी ऐका.

आणि आता परीक्षा कुणाची घेतात? याच उरलेल्या पोरांची. ‘असर’चा अहवाल २००५ पासून निघतोय. पोरगी घरोघर जाते, पोराच्या हातात कागद देते. आधी अक्षर, मग शब्द, मग उतारा, मग दुसरीची गोष्ट. हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. काम प्रामाणिक आहे. पाचवीतल्या कितीतरी पोरांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. डोळ्यांनी पाहिलंय. पण अहवाल आला की दुसऱ्या दिवशी पेपरवाले मथळा काय देतात? ‘सरकारी शाळा नापास.’ खाजगी इतके टक्के, सरकारी इतके टक्के. झाली तुलना.

गिरणीतलं सांगतो म्हणजे समजेल. कापूस हलका आला, धुरळ्याचा, आखूड धाग्याचा, तर रिंगफ्रेमवर धागा तुटतच राहतो. साधं आहे. मालकाला ठाऊक असतं, सुपरवायझरला ठाऊक असतं. पण चांगल्या गाठी एका साच्यावर लावायच्या, हलक्या दुसऱ्यावर, आणि महिनाअखेरीला तुटीचा हिशेब लावून दुसऱ्या साच्यावरच्या कामगाराला दंड करायचा. वर सांगायचं, बघ, तो कसा चालवतो. असा दंड मी भरलाय. म्हणून ‘सरकारी विरुद्ध खाजगी’ असा मथळा वाचला की मी आधी विचारतो, गाठी कुणी वाटल्या?

पोरांना हलका कापूस म्हणतोय असं कुणी वाचू नये. पोरं हलकी नाहीत. त्यांच्या वाट्याला आलेलं सगळं हलकं आहे. ज्याच्या घरी वाचणारं कुणी नाही, ज्याची आई अंधारात कामाला जाते आणि अंधारात येते, जे पोर धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन शाळेत येतं, त्याला शाळेनं जास्त द्यायला पाहिजे का कमी? मिळतं किती ते सांगतो. कायद्यात लिहिलंय, साठ पोरांपर्यंत दोन मास्तर. म्हणजे छोट्या शाळेत पहिली ते पाचवी पाच वर्ग आणि माणसं दोन. त्यातला एक केंद्राच्या बैठकीला. दुसऱ्याच्या गळ्यात मतदार यादी, खिचडीचा हिशेब, तांदळाची पोती मोजणं, पोरांचे फोटो काढून मोबाईलवर चढवणं. पाचही वर्ग एका खोलीत. पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचं, तिसरीला पाढे म्हणायला लावायचे, पाचवीला ‘गप बसा’ म्हणायचं. मास्तर चांगला असला तरी पाच ठिकाणी फाटतो. वाईट असला तर विचारायलाच नको. त्यात २०१२ साली शिक्षकभरतीला बंदी आली. ‘पवित्र’ नावाचं पोर्टल २०१७ साली आलं आणि त्यावरची पहिली निवड यादी लागायला २०१९ उजाडलं. डीएड झालेली आपली पोरं तोवर रसवंतीवर ग्लास विसळत होती. सात वर्षं साचा बिनकामगाराचा ठेवायचा आणि मग म्हणायचं, सूत का निघालं नाही.

आता रकान्यांचा खेळ बघा. पोर शाळेत घालताना जनरल रजिस्टरात जात लिहितात. यू-डायसच्या कागदात दरवर्षी मोजतात, अनुसूचित जाती किती, जमाती किती, बाकीचे किती. पटाला जात आहे. पण शाळेच्या निकालाची चर्चा होते तेव्हा जात गायब! राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ ला झालं. त्याच्या जिल्ह्याच्या कागदात जातवार आकडे असतात, पण ते नमुन्याचे. निवडक शाळांतली निवडक पोरं. आपल्या केंद्रातल्या दहा-बारा शाळांत कुठल्या वस्तीतलं पोर कुठं अडलंय हे त्यातून कळत नाही. म्हणजे स्कॉलरशिप वाटायची, योजना मोजायची, तेव्हा पोराला जात आहे. आणि ते वाचायला का शिकलं नाही असं विचारलं की ते एकदम नुसतं ‘विद्यार्थी’ होतं. मग दोष त्याच्या डोक्याचा, नाहीतर त्याच्या आईबापाचा. ‘पालक जागरूक नाहीत हो.’ हे वाक्य मी इतक्या मास्तरांच्या तोंडून ऐकलंय की ते डीएडला पाठ करून घेतात की काय असं वाटतं.

पालक जागरूक नाहीत? माझ्याकडं एक आकडा आहे, तो यांच्या तोंडावर मारायचाय. १९६१ साली देशातल्या अनुसूचित जातींत शंभरात दहा माणसं साक्षर होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींची साक्षरता ७९.७ टक्के झाली. सगळ्या राज्याची ८२.३. फरक उरला अडीच टक्क्यांचा. पन्नास वर्षांत हजारो वर्षांचं अंतर कुणी तोडलं? आपल्या आयांनी. खुरपं हातात धरून पोराला शाळेत ढकलणाऱ्या बायांनी. आणि कुठल्या शाळेत ढकललं? इंटरनॅशनल स्कूलमध्ये नाही. याच गळक्या कौलांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्याच जनगणनेत आदिवासींचा आकडा ६५.७ आहे. म्हणजे काम निम्म्यातच आहे. आमच्या नगर जिल्ह्यात शंभरात साडेबारा माणसं अनुसूचित जातीची आणि आठ जमातीची. ज्या शिडीनं आपण वर आलो ती, भिल्लाचं पोर खालच्या पायरीवर असतानाच, काढून घ्यायची चाललीय.

काढून कशी घेतात? गोड बोलून. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या १३१४ शाळा बंद करायचं ठरलं. बंद म्हणायचं नाही, ‘समायोजन’ म्हणायचं. मग २०२१-२२ चा हिशेब निघाला. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा, आणि त्यात सुमारे १ लाख ८५ हजार पोरं. २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं, ‘समूह शाळा’ करा, प्रस्ताव पाठवा. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेत दाखवलं. त्याच सप्टेंबरात दत्तक योजना आली. कंपनीनं शाळा पाच-दहा वर्षं दत्तक घ्यायची, आणि तिचं नाव शाळेच्या नावाला जोडायचं. आपण एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागावं म्हणून सोळा वर्षं रस्त्यावर रक्त सांडलं. कंपनीला मात्र चेक फाडला की नाव.

समूह शाळेच्या बाजूनं बोलणारे सगळेच लबाड नाहीत. त्यातला एक मास्तर मला म्हणाला, वीस पोरांत पोराला जोडीदार मिळत नाही, खेळ नाही, स्पर्धा नाही. एका मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला मास्तर मिळेल, प्रयोगशाळा मिळेल. बरोबर बोलला. मी त्याला विचारलं, ती मोठी शाळा बांधा आधी. प्रत्येक वर्गाला मास्तर द्या, बस द्या, बसला डिझेल द्या, आणि मग आमच्या वस्तीवरची बंद करा. उलटं कशाला? आधी जवळची बंद आणि मग लांबची होईल तेव्हा होईल! महाराष्ट्राच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे. तो एक किलोमीटर उगाच लिहिलेला नाही. कमरेएवढ्या उसातून पाऊलवाट जाते. सात वर्षांच्या पोरीला त्या वाटेनं एकटी पाठवायला कुठली आई तयार होईल? ती पोरीला घरी ठेवील. मग धाकटं सांभाळायला एक माणूस मिळेल. पाच वर्षांनी तिचं लग्न लागेल. कागदावर तिचं समायोजन झालेलं असेल.

आणि सरकारला सरकारी शाळेचा पुळका कधी आला ते ऐका. खाजगी शाळांत पहिलीच्या शंभरातल्या पंचवीस जागा गरिबांच्या आणि वंचितांच्या पोरांना, हा कायदा. ९ फेब्रुवारी २०२४ ला अधिसूचना निघाली, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगीनं या जागा द्यायची गरज नाही. म्हणजे आपलं पोर खाजगीच्या गेटवर आलं की सांगायचं, तुझी ती जवळची शाळा आहे ना, तिकडं जा. आणि तिकडं गेलं की सांगायचं, पट नाही, ही बंद. हायकोर्टानं ती अधिसूचना १९ जुलै २०२४ ला रद्द केली. कोर्टात गेलेल्यांना जयभीम. पण त्यांच्या पोटातलं बाहेर आलं ते आलंच. यांना आपलं पोर तिथंही नको आणि इथंही नको.

आता आपल्याकडं वळतो. आपण चळवळीतली पोरं. २०१४ ला खर्ड्याच्या नितीन आगेला मारलं, सतरा वर्षांचं शाळकरी पोर. आपण गेलो. २०१७ ला सगळे आरोपी सुटले, आपण पुन्हा रस्त्यावर आलो. २०२३ ला हरेगावात पोरांना उलटं टांगून मारलं, गेलो. जायलाच पाहिजे. पण वस्तीतल्या शाळेत तिसरीची पोरगी वाचायला शिकत नाही, त्याचा मोर्चा कधी काढला? जयंतीला डीजेवाल्याला किती दिले आणि शाळेच्या नळाला तोटी बसवायला किती दिले, एकदा मंडळाच्या वहीत बघा. ‘हे काय चळवळीचं काम आहे का, हे तर शिक्षकांचं’ असं मला एका कार्यकर्त्यानं सुनावलं. भाषण तो झकास करतो.

त्याला एक तारीख सांगतो. १२ मार्च १९२७. महाडच्या तळ्यावर जायच्या आठ दिवस आधी बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात उभे होते. काय बोलत होते? प्राथमिक शाळेची गळती. शंभर पोरं पहिलीत घातली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरात जाऊन पडतात, हे सांगत होते. दर हजार माणसांमागं पुढारलेल्या हिंदूंची ११९ पोरं प्राथमिक शाळेत आणि मागासलेल्यांची १८, हे सांगत होते. दारूच्या उत्पन्नातून सरकार माणशी किती कमावतं आणि शिक्षणावर माणशी किती खर्चतं, हा हिशेब पुढं टाकत होते. म्हणजे हा माणूस एका हातानं जातवार पटाचा कागद धरून होता, आणि आठ दिवसांनी त्याच हाताची ओंजळ करून तळ्यातलं पाणी प्याला. आपण ओंजळीचं पोस्टर केलं आणि कागद टाकून दिला.

तो कागद परत उचलायचा म्हणजे काय, हे आमच्याकडं काय घडलं त्यावरून सांगतो. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. चारात तीन सभासद पालक. निम्म्या बाया. वंचित गटातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. हेडमास्तर सचिव. शाळेच्या कामावर नजर ठेवायची, अनुदान कुठं गेलं ते बघायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, हे सगळं समितीचं काम. म्हणजे ज्या शाळेत आपलीच पोरं उरलीत तिथली समिती कायद्यानंच आपली. त्यांनी शाळा सोडताना ही एक सत्ता नकळत आपल्या पदरात टाकलीय, आणि आपल्याला पत्ता नाही.

वस्तीतल्या एका मावशीला मी विचारलं, समितीवर कोण आहे गं? तर ती म्हणाली, “मीच हाये म्हणत्यात की. गुरुजी पोरीसंगं वही पाठिवत्यात, मी सही करिते. मिटिंग कव्हा झाली ते मला काय ठावं न्हाई बाबा.”

“मग सही कशाला करती?”

“पोरगी हाये ना त्यांच्या हाताखाली. नाही कसं म्हणायचं?”

हे नीट ऐका. भीती कुठं बसलीय ते तिनं एका वाक्यात सांगितलं. पुढच्या वेळी वही आली तेव्हा तिनं सही केली नाही. पोरीसोबत निरोप दिला, मी येते, तारीख सांगा. ठरल्या दिवशी रोज बुडवून ती गेली आणि शेजारच्या तिघींना घेऊन गेली. हेडमास्तर दुष्ट माणूस नव्हता, दमलेला होता. त्यानं खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. मावशी म्हणाली, “च्या राहू द्या गुरुजी. माझी पोरगी तिसरीत हाये. तिला माझ्यासमोर पुस्तक वाचाया लावा.” पोरीनं पुस्तक उघडलं. दोन शब्द वाचले, तिसऱ्यावर अडली. खोलीत शांतता. मावशी काही ओरडली नाही. म्हणाली, “आता हे वहीत लिव्हा. तिसरीतल्या पोरीला वाचता येत न्हाई, मिटिंगमधी समद्यांनी पाह्यलं. आन् तुमचे मास्तर किती दिवस इथं आन् किती दिवस बाहेर गेले ते बी लिव्हा.”

हेडमास्तरानं लिहिलं. त्याला ते हवंच होतं असं मला वाटतं, कारण त्या ठरावाची नक्कल जोडून त्यानं स्वतःच गटशिक्षणाधिकाऱ्याकडं मास्तराची मागणी पाठवली. दुसरा मास्तर अजून पूर्ण वेळ मिळालेला नाही. पण बैठकीच्या दिवशी शाळा सोडून जायचं बंद झालंय, आणि वस्तीतली बारावी झालेली दोन पोरं दिवेलागणीनंतर तिसरी-चौथीला समाजमंदिरात वाचायला बसवतात. फुकट. त्यांना चळवळीत कुठलं पद नाही.

तुमच्या गावात हे करायचं तर आधी समितीच्या सभासदांची यादी मागा. ती शाळेत असते. त्यात आपल्या वस्तीतल्या बायांची नावं सापडतील, त्यांना सांगा की त्या सभासद आहेत. मग यू-डायसला शाळेनं काय भरून पाठवलं त्याची प्रत मागा. मास्तर किती, खोल्या किती, संडास चालू म्हणून लिहिलाय तो खरंच चालू आहे का, ते कागद हातात धरून मोजा. कोयते येतात त्या हंगामात फडावर जा, शाळेच्या वयाची पोरं मोजा आणि त्यांची यादी समितीपुढं ठेवा. शिक्षण हमी कार्ड नावाचा कागद त्यांच्यासाठीच आहे. शाळा बंद करायचा प्रस्ताव आला तर समितीचा ठराव विरोधात घ्या आणि त्याच्या नकला पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि आमच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या अंकात छापू. आपल्या नोकरदारांच्या घरी वर्गणीला जाल तेव्हा पैशाऐवजी शनिवारची दोन तास शिकवणी मागा. बरेच जण देतील, न देणाऱ्यांची नावं लक्षात ठेवा.

आणि बायांना एवढं सांगा की सही करायच्या आधी इतिवृत्त वाचून घ्यायचं. वाचता येत नसेल तर चौथीतल्या पोराला बोलवायचं आणि गुरुजींच्या समोर त्याच्याकडून वाचून घ्यायचं.